तीन पट्ट्यांचा डॅमसेल बाकीच्यांना जगू देईना

मानेवाड्याचा_टँक:
नमस्कार मंडळी. होळीनंतर तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक लावला. पांढऱ्यावर तीन काळे पट्टेवाले पाच डॅमसेल मासे आणले. दुकानदार म्हणे एक नर, चार माद्या. आता तीनच उरले. मोठा आहे तो दिवसभर दोघांच्या मागं लागून राहिला. सगळ्यात लहान फिल्टरच्या पाइपामागं उभा, शेपटी कुरतडल्यासारखी. दाणा टाकला तरी बाहेर येत नाही. टँकमध्ये मधोमध एक मोठा दगड, बाकी मोकळं, कारण बायको म्हणे मासे दिसले पाहिजे. मोठ्याला काढून टाकू का? आणखी एक, खारेपणा 1.024 (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) ठेवतो, पण आठ दिवसांत 1.028 वर जातो. पाणी उतरलं की मिठाचंच पाणी भरतो.

कूलरवाला_भाऊ:
अरे बाप्पा, पहिले ते मिठाचं पाणी भरणं बंद कर. उडतं ते पाणी, मीठ खालीच राहतं. नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आपल्याकडची हवा किती कोरडी, माझ्या टँकचं पाणी रोज बोटभर उतरते. साधं आरओ पाणी भर. वरून छोटा पंखा लावला तर टँक थंड राहील, पण पाणी आणखी उडेल, तेवढं ध्यानात ठेव.

निवृत्त_झूलॉजी:
दुकानदाराला विचारा, नर-मादी ओळखली कशावरून? या माशात नुसतं बाहेरून बघून ते कळत नाही.

नाव डॅसिलस अरुआनस, लिनियसनं 1758 सालीच नोंदवलेला. जुन्या वर्गीकरणाप्रमाणे तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत सापडतो, आपल्याकडे लक्षद्वीप-अंदमानला; हल्ली हिंदी महासागरातल्याला वेगळी जात मानतात. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेला हा मासा मी खरा पाहिला तो निवृत्तीनंतर, लक्षद्वीपच्या कदमत बेटावर, लगूनमध्ये म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ समुद्रात, छातीभर पाण्यात. फांद्याफांद्यांच्या प्रवाळाचा एक गड्डा, बोराच्या झुडुपाएवढा. त्याच्यावर हातभर अंतरात दहाएक मासे, पाण्यातले बारीक जीव टिपत होते. मी हात हलवला मात्र, चिमण्या बाभळीत शिराव्यात तसे सगळे एका झटक्यात आत. मग एकेका फटीतून एकेक तोंड.

तुमचं चुकलंय ते इथं. हा मोकळ्यात फिरणारा मासा नव्हे, त्याचा संसार त्या एका गड्ड्याभोवतीच चालतो. गटात मान आकारावरून ठरतो. सगळ्यात मोठा बहुधा नर, खाली माद्या, मग पिल्लं. नर मेला की सगळ्यात मोठी मादी नर होते. म्हणून मोठ्याला काढून काही साधणार नाही, दुसरा लगेच गादीवर बसेल. समुद्रात मार खाल्ला की धाकटा पलीकडच्या फटीत सरकतो. तुमच्याकडे फट आहे कुठं? एक दगड, त्यावर दादाचा ताबा.

सिरॅमिकच्या फांद्या ठेवा, दोन-तीन वेगळे गड्डे करा, मांडणी पार बदला. जिवंत प्रवाळ मात्र कुणी दिला तरी घेऊ नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो संरक्षित आहे.

प्रवाळालाही हे भाडेकरू परवडतात, बरं का. माशांच्या उत्सर्जनातलं नत्र त्याला मिळतं. तांबड्या समुद्रातल्या याच्या एका भाऊबंदावर अभ्यास झालाय. रात्री फांद्यांत झोपलेले मासे पर हलवत राहतात, त्यानं आतलं साचलेलं पाणी खेळतं आणि प्रवाळाला ऑक्सिजन मिळतो.

संत्री_आणि_मासे:
मॅडम, क्लाउनफिशमध्ये उलटं असते ना? तिथं मोठी मादी.

निवृत्त_झूलॉजी:
बरोबर. कूळ एकच, पण तिथं मादी गेली की नराची मादी होते. अंडी राखायचं काम मात्र दोन्हीकडे मुख्यतः बापाचंच. आपला पट्टेवाला मेलेल्या प्रवाळाची फांदी घासूनपुसून ठेवतो, माद्या अंडी घालून जातात, हा परांनी वारा घालत बसतो. तीनएक दिवसांत पिल्लं फुटतात, ती काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि मग कुठल्यातरी गड्ड्यावर उतरतात. उतरताना आपल्या जातीचे मासे जिथं आहेत ते घर बघतात.

मानेवाड्याचा_टँक:
बारा दिवस झाले. सिरॅमिकच्या फांद्यांचे तीन गड्डे केले, आरओ पाणी भरतो, खारेपणा 1.025 वर थांबला. मोठा अजून धावतो, पण धाकटा वळून आत शिरते अन् हा बाहेर घिरट्या घालत राहते. काल धाकट्यानं दाणा उचलला. बायको म्हणते, आता मासेच दिसत नाही.