नवागत, नवखा की नुसतंच ‘या’?

पिंपळपान:
मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात आमच्या वाचनालयात मराठी विकिपीडियावर लिहायला शिकवायचं ठरलंय. पंधरा-वीस जण येतील, त्यांत निवृत्त शिक्षक जास्त, थोडी कॉलेजची मुलं. हातात द्यायला एकपानी पत्रक करतोय आणि पहिल्याच ओळीत अडलोय. ‘नवीन संपादकांचे स्वागत’ असं लिहिलं तर ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “संपादक? मग पेपरवाल्यांनाच बोलवा की.” ‘नवागत’ लिहिलं तर शाळेच्या स्नेहसंमेलनातलं सूत्रसंचालन वाटतं. नवखा, नवशिका, होतकरू यांत तुम्ही नेमका काय फरक करता?

देशावरची:
माझ्या कानाला नवखा म्हणजे जागेची, कामाची सवय नसलेला. बाकी त्याला सगळं येत असेल. नवशिक्याला ते काम येतच नाही, शिकतोय अजून. तीस वर्षं फळा गिरवलेल्या मास्तरांना नवशिके म्हणून बघा, पत्रक तिथेच टेबलावर ठेवून जातील. होतकरूमध्ये कौतुक असतं, पण पाठीवर थाप मारणारं. होतकरू तरुण म्हणतात, होतकरू आजोबा कुणी म्हणत नाही. शिकाऊ म्हटलं की गाडीचं लायसन्स. उमेदवारी करणारा तो उमेदवार, हा चांगला शब्द होता, तो निवडणुकीने पळवला. तुमच्या मंडळींना नवखेच म्हणा. लिहिता येतंय त्यांना, फक्त घर नवं आहे.

गिरमिट:
ग्रंथपाल बाईंचं बरोबर आहे. संपादन म्हणजे मुळात मिळवणं, सिद्धीला नेणं. विश्वास संपादन करतो, विजय संपादन करतो, ते हेच. छापखाना आल्यावर दुसऱ्याच्या मजकुरावर लाल पेन चालवणं हा अर्थ वर चढून बसला. त्यात आपल्याकडे कोश म्हटलं की केतकरांचा ज्ञानकोश नाहीतर वाईचा विश्वकोश, आणि संपादक म्हटलं की तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. साध्या माणसाने ‘संपादन’ अशी कळ पाहिली की त्याचा हात आखडतो. त्याला वाटतं हे आपल्याला विचारलेलंच नाही. पत्रकात ‘बदल करा’, ‘भर घाला’ असं लिहा, आणि पडद्यावर त्याला ‘संपादन’ म्हणतात हे कंसात सांगून टाका.

आता ‘नवागतांचे स्वागत’. नव + आगत, सु + आगत. एकाच ओळीत दोनदा आला बिचारा. आणि आगतस्वागत आपण कुणाचं करतो? पाहुण्याचं. पाहुण्याने स्वयंपाकघरात शिरून भाजीत मीठ टाकायचं नसतं, आणि इथे तर तेच करून हवंय. शिवाय ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ अशी आपली म्हण. आपल्याला तर माणूस तिसऱ्या दिवशीही यायला हवाय.

देशावरची:
गिरमिट, खातं उघडलं की चर्चापानावर (सदस्याला निरोप लिहायचं पान) जो स्वागताचा साचा, म्हणजे ठरलेला तयार मजकूर, चिकटतो, तोही आगतस्वागतच. एवढे दुवे की पंगतीत पहिल्या वाढीलाच पुरणपोळी, श्रीखंड, जिलबी एकदम. खाणाऱ्याने सुरुवात कुठून करायची?

जुनी पाटी:
मी धूळपाटीबद्दल लिहिते, कारण मला तो शब्द फार आवडतो. इंग्रजी विकिपीडियावर सराव करायच्या पानाला मुलांच्या वाळूच्या हौदाचं नाव आहे. मराठीत ‘वाळूची पेटी’ करून मोकळं होता आलं असतं. पण कुणाला तरी पंतोजींची शाळा आठवली: फळीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचं, चुकलं की हात फिरवून पुसायचं. त्यावरूनच धुळाक्षरं. मोठ्यांचं गणितही धुळीतच चालायचं. भास्कराचार्यांची लीलावती ज्या पाटीगणितातली, त्यालाच धूलीकर्म असंही नाव आहे. म्हणजे धूळपाटीवर बसणं कमीपणाचं नाही. मी स्वतः पहिल्या दिवशी एका नदीच्या लेखात ‘कखग चाचणी’ असं टंकून जतन केलं होतं. काही मिनिटांत कुणीतरी ते उलटवलं आणि माझ्या चर्चापानावर एकच ओळ लिहिली: “सरावाला धूळपाटी आहे, तिथे कितीही सांडा.” त्या ‘सांडा’ने मी टिकले.

खडूसकाका:
शब्दांचं एवढं कौतुक चाललंय तर चावडीही घ्या, म्हणजे विकिपीडियावर सगळ्यांनी अडचणी विचारायचं, चर्चा करायचं पान. इंग्रजीत त्या पानाला गावचा पाण्याचा पंप म्हणतात, हिंदीवाल्यांनी चौपाल केलं, आपण चावडी. चावडी म्हणजे सारा भरायची जागा, पाटील-कुलकर्ण्यांची. ‘चावडीवर बोलावलंय’ हे ऐकून आमच्या आजोबांच्या पोटात गोळा यायचा. नवख्याला तिथे पाठवता? पाणवठा काय वाईट होता?

देशावरची:
काका, पाणवठाही सगळ्यांचा नव्हता. 1927 साली महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. गावातली जुनी जागा उचलली की तिथे कोण बसायचं आणि कोण लांब उभं राहायचं, तेही सोबत येतं. मला विचाराल तर कट्टा. तिथे कुणी कुणाला बोलावत नाही, आणि उठवतही नाही.

खडूसकाका:
हे मान्य. कट्टा चालेल. पण सांगकाम्याला हात लावू नका! बॉटला, म्हणजे आपोआप बदल करणाऱ्या संगणक प्रोग्रॅमला, याहून चांगला मराठी शब्द होणे नाही. सांगितलं तेवढंच करतो, डोकं चालवत नाही. फक्त नवख्याला सांगून ठेवा की तुझ्या लेखावर रात्रीतून फिरून गेला तो माणूस नाही, प्रोग्रॅम आहे, त्याच्याशी भांडत बसू नकोस.

पिंपळपान:
आणखी एक अडचण. जुन्या सदस्यांनाही चार ओळी द्यायच्या आहेत. इंग्रजीत ‘नव्यांना चावू नका’ असं मार्गदर्शक तत्त्व आहे. तसंच ठेवू?

गिरमिट:
मराठीत चावतो तो कुत्रा नाहीतर विंचू. माणूस वसकन अंगावर येतो, खेकसतो, धारेवर धरतो. ‘नव्या माणसावर खेकसू नका’ म्हणा, जुन्यांना बरोबर कळेल कुणाबद्दल चाललंय ते.

पिंपळपान:
तर पत्रकाचा मजकूर असा केलाय, बघा:
“या. लिहिता तुम्हाला येतंच, जागा तेवढी नवी आहे. आधी धुळपाटीवर हवं तेवढं सांडा. मग आपल्या गावाचं पान उघडा आणि चुकलेली एक गोष्ट नीट करा. अडलं तर चावडीवर (म्हणजे कट्ट्यावर) विचारा. उत्तर माणूस देईल, सांगकाम्या नाही.”

जुनी पाटी:
छान. फक्त धूळपाटीत धू दीर्घ. धुळाक्षरांत ऱ्हस्व होतो, तो पुढे ‘ळा’ आला म्हणून. पाटी जोडताना धूळ तशीच राहते.

पिंपळपान:
बरोबर. पण पत्रकात आता मुद्दाम तसंच ठेवतो. पंधरा मास्तर येणार आहेत, बघू पहिला हात कुणाचा वर होतो.