मदत हवी आहे: शेअर बाजारातले ऑप्शन नीट समजून घ्यायचेत

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं दुकान आहे. कॉल ऑप्शन मला जागेच्या इसारासारखा वाटतो: ठरल्या भावात घ्यायचा हक्क, नाही घेतली तर इसार बुडाला. इथवर कळलं. पण मागच्या आठवड्यात निफ्टी थोडा वर जाऊनही ४० रुपयांना घेतलेला माझा कॉल एक्स्पायरीच्या (मुदत संपण्याच्या) आदल्या दिवशी ११ वर आला. यात थीटाने (मुदत सरते तशी होणारी किमतीतली घट) किती खाल्लं आणि व्होलॅटिलिटीने (बाजारात अपेक्षित चढउतार) किती, हे कसं ओळखायचं? कॉल विकणाऱ्याचा तोटा अमर्याद असू शकतो, तरी लोक मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) भरून का विकतात? बाजार नियामक सेबीच्या २०२४ च्या अहवालात फ्युचर्स-ऑप्शनमधले दर १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, म्हणून आता आधी वहीत शिकणार. टिप्स नकोत. आकडे मांडून एक उदाहरण कुणी समजावाल का?