संग्रहालयाचे कार्यमापन: अभ्यासासाठी निधी कुठे मागावा?

नमस्कार. एका जिल्ह्याच्या गावी विश्वस्त संस्था चालवत असलेल्या छोट्या संग्रहालयात मी अभिरक्षक आहे. वर्षअखेरीस विश्वस्त मंडळ आम्हाला एकच आकडा विचारते, तो तिकिटांचा. सहलींच्या चार बस जास्त आल्या की वर्ष चांगले गेले असे ठरते. मात्र त्याच वर्षी पैठण्यांवर 200 लक्सहून (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड पडत होता (अशा वस्त्रांसाठी साधारण 50 लक्सची मर्यादा पाळतात) आणि नोंदवहीतल्या काही वस्तू भांडारात सापडत नव्हत्या, याची नोंद कोणत्याही अहवालात झाली नाही. मला याची फार खंत वाटते.

ही उणीव केवळ लहान संस्थांची नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2013 च्या अहवालात मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांतील पुरावस्तूंच्या नोंदी आणि पडताळणी यांतील गंभीर त्रुटी दाखवल्या होत्या. याउलट ब्रिटनमध्ये 1988 पासून किमान निकषांवर संग्रहालयांची नोंदणी सुरू झाली.

आसपासच्या तीन संग्रहालयांत दोन वर्षे अशा कार्यमापनाचा अभ्यास करावा, असा माझा विचार आहे. इक्रोम (सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आणि युनेस्को यांच्या री-ऑर्ग या भांडाराची फेरमांडणी करण्याच्या पद्धतीत भांडारातली कोणतीही वस्तू तीन मिनिटांत हाती यावी, अशी साधी कसोटी आहे. तिच्या जोडीला महिनावार उजेड व आर्द्रता मोजायची आणि सहलीला आलेल्या मुलांच्या लक्षात पंधरा दिवसांनी काय उरले, हे शाळेत जाऊन विचारायचे.

अडचण निधीची आहे. सांस्कृतिक मंत्रालयाच्या संग्रहालय अनुदान योजनेत दालनांची सुधारणा, डिजिटायझेशन आणि प्रशिक्षण या गोष्टी येतात, पण आमचा मुख्य खर्च मोजमाप करणाऱ्या दोन माणसांच्या मानधनाचा आहे. सांस्कृतिक संशोधनासाठीची टागोर राष्ट्रीय फेलोशिप व्यक्तीला मिळते, संस्थेला नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे विद्यापीठामार्फत जाणे मला अधिक योग्य वाटते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, त्यामुळे प्रमुख संशोधक तिथला आणि आम्ही सहभागी संस्था, अशी मांडणी करता येईल का?

असा संयुक्त प्रस्ताव कोणी सादर केला असल्यास मानधनाची बाब अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली दाखवली, आणि विद्यापीठाशी करार प्रस्तावाआधी केला की मंजुरीनंतर, हे कृपया सविस्तर सांगावे.