जुनी, जगावेगळी विमानं की आजची एकसारखी? तुमचं मत सांगा

सड्यावरचा (परुळे)

गेल्या रविवारी बोगमाळ्याला नौदलाच्या विमान संग्रहालयात पुन्हा जाऊन आलो. ही सातवी खेप. परतताना मोपा विमानतळाजवळ चहाला थांबलो, तेवढ्यात डोक्यावरून तीन विमानं उतरली. तिन्ही एका साच्यातून काढल्यासारखी. कोणतं कोणत्या कंपनीचं ते शेपटीच्या रंगावरूनच कळलं. मनाला ते फार लागलं, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की जुन्या विमानात ते बनवणाऱ्याचा विचार बाहेरून वाचता येतो. सुपर कॉन्स्टेलेशन या जुन्या प्रवासी विमानाला एकाच्या जागी तीन शेपट्या का? एकच उंच शेपटी ठेवली असती तर त्या काळच्या हँगरच्या दारातून ती आत गेली नसती. मग तीच शेपटी तीन बुटक्या भागांत वाटली. किती सरळ उत्तर! आणि ते अंग बघा, नाकापासून शेपटीपर्यंत कुठे सरळ रेघच नाही, पाण्यातून उसळी घेणाऱ्या डॉल्फिनसारखं. एअर इंडियाची ही विमानं हवाई दलाकडून नौदलाकडे आली आणि समुद्रावर टेहळणी करत राहिली.

पलीकडे शॉर्ट सीलँड. १९५३ साली नौदलाच्या हवाई शाखेत आलेलं पहिलं विमान. पाण्यावरही उतरतं, जमिनीवरही. खाली वाकून बघितलंत तर विमानाचं पोट नाहीच ते, होडीचा तळ आहे, आणि त्या तळाला मधेच एक पायरी आहे. वेगात असताना पाणी त्या पायरीशी सुटतं, नाहीतर ते विमानाला चिकटून धरतं आणि वर उठू देत नाही.

आणि सी हॅरियर, हवेत एका जागी उभं राहू शकणारं लढाऊ विमान. त्याच्यापाशी मी प्रत्येक वेळी अर्धा तास तरी उभा असतो. कुशीत फिरवता येणाऱ्या चार नळ्या, दोन पुढे, दोन मागे. पुढच्या दोनमधून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनमधून जळालेला गरम वायू. म्हणून फक्त मागच्या नळ्यांच्या मागे अंगावर वेगळा पत्रा ठोकलेला. पुढच्यांना गरज नाही, तिथे नाही. मुख्य चाकं पोटाखाली एकामागे एक, सायकलसारखी, आणि पंखांच्या टोकांकडे दोन बारकी चाकं, लहान मुलांच्या सायकलला बाजूला लावतात तशी. प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि ते उघड्यावर आहे. आजच्या विमानात सगळी हुशारी आत, संगणकात. बाहेर वाचायला काही ठेवलेलंच नाही.

तुम्हाला काय वाटतं?

हँगरमधला (वास्को)

असहमत. कळकळीने लिहिलंय, पण असहमत.

मी नौदलात विमानांवर तंत्रज्ञ म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. सी हॅरियर १९८३ साली दाभोळीला आलं आणि २०१६ साली निरोप घेऊन गेलं. मधल्या काळात ताफ्यातली निम्म्याहून जास्त विमानं अपघातांत गेली, आणि त्यांच्याबरोबर चांगली माणसं गेली. तुम्ही ज्या नळ्या प्रेमाने बघता त्या फिरवायचा दांडा वैमानिकाच्या डाव्या हाताशी, थ्रॉटलला लागूनच. हवेत एका जागी उभं राहिल्यावर पंख निकामी. तोल सांभाळायचा तो नाकाशी, शेपटीशी आणि पंखांच्या टोकांशी सोडलेल्या हवेच्या झोतांवर. इंजिन एकच. ते त्या क्षणी बसलं तर विमान दगड. त्याचं जगावेगळेपण मलाही दिसतं, पण मला त्याची किंमतही दिसते.

आता तुमच्या एका साच्यातल्या विमानांकडे या. पंखांखाली दोन इंजिनं हा आकार कुणी आळसाने घेतलेला नाही. इंजिन तिथे असलं की त्याच्या वजनाने उड्डाणात पंखावरचा ताण कमी होतो. आग लागली तर ती प्रवाशांपासून लांब. आणि आमच्यासारख्या माणसाला जमिनीवर उभं राहून, फार तर छोट्या शिडीवरून, झाकण उघडून हात घालता येतो. सुपर कॉन्स्टेलेशनच्या एका इंजिनात अठरा सिलिंडर, अशी चार इंजिनं, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे १४४ प्लग, साहेब. पावसाळ्यात, दमट हवेत ते कुणी बघायचे?

सगळी विमानं सारखी दिसतात, कारण सगळ्यांनी त्याच चुकांतून शिकून तेच उत्तर काढलं. याला मी सौंदर्य म्हणतो.

दांडीकिनारी (मालवण)

मला दोघांचंही अर्धंच पटलं.

आमचं घर मच्छीमाराचं. बाबा आणि भाऊ दर्यावर जातात. आमच्याकडे विमान डोळ्यांनी नंतर कळतं, आधी कानाने. तटरक्षक दलाचं डॉर्नियर खाली आलं की दोन पंख्यांची एकसुरी घरघर होते, आणि किनाऱ्यावरची बायामाणसं हातातलं काम ठेवून वर बघतात. कुणी शोधायला निघालंय का, हा पहिला विचार. त्याला शेपट्या किती हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

तौक्ते वादळ आलं, मे २०२१. आमच्या होड्या वर ओढलेल्या, वीज नाही, आणि नंतर फोन लागल्यावर कळलं की मुंबईपलीकडे समुद्रात पी-३०५ नावाचा बार्ज बुडालाय. सत्तरहून जास्त माणसं गेली. जी वाचली त्यांच्यातल्या काहींना नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरने उचललं. शोधायला पी-८आय होतं, म्हणजे तुमच्या एका साच्यातल्या बोइंग ७३७ चंच अंग. सड्यावरचा दादा, त्या दिवशी त्या विमानाला तुम्ही काय म्हटलं असतं? बाहेर वाचायला काही नाही म्हणून कमी प्रतीचं?

सड्यावरचा (परुळे)

ताई, कमी प्रतीचं कधीच म्हणणार नाही. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

पण तुम्हीच सी किंगचं नाव काढलंत म्हणून सांगतो. त्याच्या पोटाखाली कधी बघितलंय? होडीचा तळ आहे! पाण्यावर उतरावं लागलं तर तरंगता यावं म्हणून. मूळ अमेरिकन आराखडा १९५० च्या दशकातला. सीलँडच्या तळात जो विचार मी वाचला तोच त्यात आहे, आणि वादळात तो जुना विचार नव्या पी-८आयच्या जोडीने कामाला आला. म्हणून मला जुनी विमानं शोभेची वाटत नाहीत.

हँगरमधले काका, सी हॅरियरच्या अपघातांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर वाद घालायची माझी पात्रता नाही. तुम्ही ती माणसं बघितली आहेत. पण एक सांगतो. १९८८ साली नौदलाची टीयू-१४२ ही टेहळणी विमानं दाभोळीला आली, पुढे १९९२ मध्ये तमिळनाडूत अरक्कोणमला गेली. त्या चार वर्षांत मी सुट्टीत वास्कोला मावशीकडे असायचो. सकाळी त्यांची इंजिनं सुरू झाली की मावशीच्या फळीवरची स्टीलची ताटं एकमेकांवर थरथरायची. एका इंजिनावर एकामागे एक दोन पंखे, उलट दिशांना फिरणारे, अशी चार इंजिनं. जेटसारखे मागे झुकलेले पंख, आणि त्यांना प्रोपेलर! मी आठ वर्षांचा होतो. त्या ताटांवर हात ठेवून मी तो थरकाप घेतलाय. मावशी ओरडायची, मी हात काढायचो नाही. आज आठ वर्षांच्या पोराला मोप्यावर उतरणारं विमान असं हाताला लागेल का?

गुहागर व्हाया डोंबिवली

भावना समजल्या. पण या प्रेमाचं बिल शेवटी कोण भरतं?

२०१८ साली राज्य मंत्रिमंडळाने विराट ही विमानवाहू नौका निवतीच्या खडकांजवळ आणून संग्रहालय करायला मंजुरी दिली होती. खर्च ८५२ कोटी. झालं नाही, विराट गुजरातेत अलंगला तोडायला गेली. त्याआधी जुनी विक्रांत २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडली. या दोन्हींवर हळहळणारे लेख मी वाचले. पण माझ्या वाडीतून रात्री आजारी माणसाला चिपळूणला न्यायचं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. त्या ८५२ कोटींत कोकणात आधी काय काय व्हायला हवं, याची यादी मी तुम्हाला झोपेत म्हणून दाखवेन. जुन्या यंत्रांचे चांगले फोटो काढा, आराखडे जपा, मुलांना दाखवा. लोखंड आणि ॲल्युमिनियम जपायचा हट्ट नको.

हँगरमधला (वास्को)

आता मला सड्यावरच्यांच्या बाजूने बोलावं लागणार.

फोटोत रिव्हेट कळत नाही. शिकाऊ पोरांना मी आराखड्यावर तासभर समजावलेलं कळायचं नाही, विमानाच्या पोटाखाली नेऊन बोट ठेवलं की पाच मिनिटांत कळायचं. तेव्हा यंत्र जपायलाच हवं.

मात्र जपायचं तर छपराखाली. आपल्या किनाऱ्यावर खारा वारा ॲल्युमिनियमला आतून खातो. आधी रंगाला फोड येतात, रिव्हेटच्या डोक्याभोवती आणि पत्र्यांच्या सांध्यांत. फोड नखाने उकरला की आत पांढरी भुकटी. सेवेतली विमानं समुद्रावरून आली की गोड्या पाण्याने धुतात ते याचसाठी. एका गावात चौथऱ्यावर उभं केलेलं जुनं लढाऊ विमान मी बघितलं होतं. दरवर्षी वरून नवा रंग, आणि दर पावसाळ्यानंतर आत आणखी भुकटी. पोटाखालून बोट दाबलं तर पत्रा दबला. घरी आल्यावर त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

डोंबिवलीकर, ८५२ कोटींची नौका आणि एक चांगली पत्र्याची बंद शेड यांत फार मोठं अंतर आहे. शेडसाठी कुणाचा दवाखाना अडत नाही.

गुहागर व्हाया डोंबिवली

शेडला माझी हरकत नाही. नौकेला होती आणि आहे.

फळा आणि खडू (कुडाळ)

मी शाळेत विज्ञान शिकवते. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण "आजच्या विमानात बाहेर वाचायला काही नाही" हे विधान मला मुळीच मान्य नाही.

चिपी विमानतळावरून मी एटीआर ७२ ने, म्हणजे पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाने, मुंबईला गेले होते. सड्यावरच्या त्या धावपट्टीवर विमान तुमच्या अगदी जवळ उभं असतं. प्रवाशांना मागच्या दारातून चढवतात. का? पुढे वैमानिकांच्या मागे सामानाची जागा आहे, पुढचं मोठं दार सामानासाठी. माणसं मागून चढताना शेपूट जड होऊन विमान मागे बसू नये म्हणून शेपटीखाली एक टेकू लावतात. तो टेकू मी मुद्दाम थांबून बघितला, मागची मंडळी चिडली तरी. वजनाचा केंद्रबिंदू आठवीत शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

पंख अंगाच्या वर का? पंख्याची पाती जमिनीला लागू नयेत म्हणून. आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट: उजवं इंजिन चालू होतं, आवाज येत होता, पण त्याचा पंखा मात्र स्थिर. त्यावर ब्रेक असतो. पंखा धरून ठेवायचा आणि इंजिनातून जमिनीवर वीज आणि थंड हवा घ्यायची. लहान विमानतळावर वेगळ्या यंत्राची गरज उरत नाही. हा विचार बाहेरून दिसतो की नाही?

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाला तारकर्लीला मुलांना घेऊन गेले होते. मिग-२९के गेलं, तेजसचं नौदलासाठी केलेलं रूप गेलं. वर्गात आल्यावर मी त्याचा फोटो दाखवला. नाक खाली झुकवलेलं आहे, कारण नौकेवर उतरताना वैमानिकाला डेक दिसायला हवा. एका मुलीने मी सांगायच्या आधी ओळखलं. विमान नवं होतं. वाचणारी तयार होती.

सड्यावरचा (परुळे)

बाई, माझ्या घरापासून चिपीची धावपट्टी दुचाकीवर दहा मिनिटं. एटीआर मी कुंपणाबाहेरून कितीदा बघितलं असेल, तो टेकू कधी लक्षात आला नाही. वाक्य मागे घेतो. नव्या विमानातही वाचायला आहे.

तरी एका गोष्टीवर ठाम आहे. एटीआर ७२ पहिल्यांदा उडालं १९८८ साली, म्हणजे तेही आता जुन्यातच जमा. आणि तेजसचं ते रूप ताफ्यात येणार नाही, नौदलाने नौकेवरून उडणारं राफेल एम घेतलं. तुमच्या विद्यार्थिनीने ओळखलेलं ते नाक आणखी वीस वर्षांनी कुठे बघायला मिळेल? आयएल-३८ ऑक्टोबर २०२३ मध्ये दाभोळीतूनच निवृत्त झालं, ४६ वर्षांच्या सेवेनंतर. त्याचे पंख अंगाच्या मानाने फार पुढे बसवलेले, कारण मूळ प्रवासी विमानात पाणबुड्या शोधायची जड सामग्री भरल्यावर तोल बदलला. हे समोर उभं राहून सांगता यायला हवं.

हँगरमधला (वास्को)

आयएल-३८ च्या पंखांबद्दल बरोबर लिहिलंत. सी हॅरियरबद्दल माझं मत बदललेलं नाही. पुढच्या खेपेला याल तेव्हा कळवा, मी येईन. त्याच्या नाकाखाली हवेच्या झोताचं ते बारकं तोंड आहे, ते तुम्ही सात खेपांत बघितलेलं दिसत नाही.

दांडीकिनारी (मालवण)

मीही येते, बाबांना घेऊन. त्यांना सीलँडचा तळ दाखवायचाय. आयुष्यभर होड्यांचे तळ दुरुस्त केलेत त्यांनी. काल त्या पायरीबद्दल वाचून दाखवलं तर म्हणाले, "ती किती खोल हा, ता हात लावन बघूक व्हया."