केटीएमची मालकी आकुर्डीकडे आली. अभियांत्रिकी विभाग माटिगहोफेनमध्येच राहावा का?

भामाकाठ

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यात आकुर्डीला मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने ऑस्ट्रियातील माटिगहोफेनच्या केटीएम या मोटरसायकल कंपनीचे नियंत्रण हाती घेतले. २००७ मध्ये १४.५ टक्के भागभांडवलापासून सुरू झालेला हा प्रवास मालकीपर्यंत पोहोचला, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र ‘आता सगळेच चाकणला, बजाजच्या पुण्याजवळच्या कारखान्यात हलवा’ हा जो सूर सध्या ऐकू येतो, त्याला माझा ठाम विरोध आहे. हिशेब, खरेदी आणि लहान इंजिनांचे उत्पादन पुण्यातून चालावे. पण मोठ्या इंजिनांची रचना, शर्यत विभाग आणि चाचणी ऑस्ट्रियातच राहिली पाहिजे.

या कंपनीची खरी पुंजी तिच्या शर्यतींच्या परंपरेत आहे. हान्स ट्रुंकेनपोल्झ यांनी १९३४ मध्ये माटिगहोफेन या छोट्या गावात कार्यशाळा काढली आणि १९५३ मध्ये तिथे मोटरसायकलींचे उत्पादन सुरू झाले. १९९१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचे तुकडे झाले. त्यातला मोटरसायकलींचा विभाग पुढच्याच वर्षी स्टेफान पिअरर यांच्या गटाने घेतला. तिची पहिली ड्यूक ही रस्त्यावरची मोटरसायकल १९९४ ची. पुढे फाब्रिझिओ मेओनी यांनी २००१ मध्ये डाकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत जिंकली आणि तिथून २०१९ पर्यंत, रद्द झालेले २००८ चे वर्ष वगळता, प्रत्येक डाकार केटीएमने जिंकली. वाळवंटात जे मोडते ते पुढच्या वर्षीच्या आराखड्यात दुरुस्त होते, आणि हे करणारी माणसे शर्यतीचा ताफा व रेखाटनाचे टेबल यांच्यामध्ये सतत ये-जा करत असतात. मालक बदलला तरी ही साखळी तुटता कामा नये.

वाळूज रस्ता

आपल्या मांडणीतील इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. ज्या व्यवस्थापनाने आणि ज्या गावाने ही परंपरा सांभाळली, त्यांच्याच काळात नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीला न्यायालयाकडे दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. २०२३ मध्ये समूहाने सुमारे ३ लाख ८० हजार मोटरसायकली विकल्या होत्या. तरीही पुढच्याच वर्षी न विकल्या गेलेल्या गाड्यांचा डोंगर उभा राहिला, कारण मागणी ओसरत असताना उत्पादन चालूच ठेवले गेले. त्याच काळात एमव्ही अगुस्ता या इटालियन मोटरसायकल कंपनीची मालकी घेतली गेली आणि सायकलींच्या व्यवसायातही पैसा अडकवला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंना त्यांच्या येण्यापैकी ३० टक्क्यांवर समाधान मानावे लागले आणि बजाजने एकूण ८० कोटी युरोंची व्यवस्था केली, तेव्हा कुठे कंपनी वाचली. आपल्या भागधारकांचा एवढा पैसा ज्याने पणाला लावला, त्याने खर्चाची जागा बदलायची नाही, हा आग्रह मला अन्यायाचा वाटतो.

दुसरे म्हणजे, चाकणला आपण केवळ जोडणीचा कारखाना समजता. २०० ड्यूक जानेवारी २०१२ मध्ये भारतात आली, ३९० ड्यूक २०१३ मध्ये, आणि जानेवारी २०२३ मध्ये चाकणमधून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. तिचे डब्ल्यूपी ब्रँडचे सस्पेन्शन भारतात एन्ड्युरन्स ही कंपनी बनवते, आणि बायब्रे ब्रेक हे ब्रेम्बो या इटालियन ब्रेक कंपनीचेच पुण्यात तयार होणारे उत्पादन आहे. असे पुरवठादारांचे जाळे माटिगहोफेनच्या आसपास या किमतीत उभे राहणे शक्य नाही.

भामाकाठ

पुरवठादारांबद्दल मी सहमत आहे. पण आपण दिलेली सर्व उदाहरणे उत्पादनाची आहेत आणि माझा मुद्दा रचनेचा आहे. ३९० ड्यूकच्या पहिल्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, केवळ ६० मिलिमीटर होता. स्ट्रोक इतका आखूड असल्यामुळे पिस्टनचा वेग आटोक्यात ठेवून इंजिन उंच फेऱ्यांपर्यंत नेता येते, आणि ३७३ सीसीच्या एकाच सिलिंडरमधून सुमारे ४३ अश्वशक्ती मिळते. झडपा उघडणारे दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, त्यांचा दाब झडपांपर्यंत नेणारे कठीण लेप दिलेले फिंगर फॉलोअर, नळ्यांची पोलादी ट्रेलिस चौकट, हे सगळे शर्यतीच्या विचारातून आलेले आहे.

गिअरपेटी

येथे एक तांत्रिक नोंद करावीशी वाटते, कारण ती दोन्ही बाजूंना लागू पडते. बजाजच्या पल्सर एनएस २०० चा व्यास आणि स्ट्रोक २०० ड्यूकइतकाच, म्हणजे ७२ आणि ४९ मिलिमीटर आहे. परंतु बजाजच्या अभियंत्यांनी तिला दोनऐवजी एकच कॅमशाफ्ट दिला, तीन स्पार्क प्लग बसवले आणि ट्रेलिसऐवजी इंजिनाला दोन्ही बाजूंनी वेढणारी पेरिमीटर चौकट वापरली. शक्ती थोडी कमी झाली, पण रोजच्या वापराला आणि किमतीला साजेशी गाडी तयार झाली. उधार घेतलेल्या आराखड्याची नक्कल करणारी माणसे असे निर्णय घेऊ शकत नाहीत. त्याच वेळी हेही खरे की या निर्णयांची दिशा काटकसरीची होती आणि शर्यतीची दिशा बहुतेक वेळा नेमकी उलट असते.

वाळूज रस्ता

ही नोंद माझ्याच मुद्द्याला बळ देते. शिवाय मोठ्या गाड्यांच्या बाबतीतही ‘ऑस्ट्रियातच’ ही अट कंपनीने स्वतः कधीच पाळलेली नाही. ७९० या मोठ्या मॉडेलचे उत्पादन तिने चीनमध्ये सीएफमोटो या कंपनीकडे सोपवले. ७९० आणि ८९० इंजिनांच्या कॅमशाफ्टची अकाली झीज होत असल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या, त्या रचनेचा उगमही माटिगहोफेनचाच होता. गावाच्या नावाने गुणवत्तेची हमी मिळत नाही. ती चाचणीच्या तासांनी मिळते, आणि ते तास चाकणमध्ये अधिक स्वस्तात घालता येतात.

भामाकाठ

कॅमशाफ्टचा दाखला मी नाकारत नाही. पण तो माझ्या बाजूचाही पुरावा आहे: अभियंत्यांवर खर्चाचा आणि वेळेचा ताण आला की अशाच चुका होतात. तोच ताण आता दुसऱ्या खंडातून येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली होती, कारखाना थांबलेला होता, आणि तरीही डॅनियल सँडर्स यांनी केटीएमवर डाकार जिंकली. पगाराची शाश्वती नसताना त्या गाड्या सज्ज करणारे तंत्रज्ञ दुसरीकडे हलवण्याजोगे मनुष्यबळ नाहीत. त्यांतले निम्मे जरी होंडाकडे किंवा डुकाटीकडे गेले, तरी ८० कोटी युरो देऊन बजाजच्या हाती फक्त केटीएमचा नारंगी रंग उरेल.

वाळूज रस्ता

मग अट अशी ठेवू या. शर्यत विभाग आणि ९९० पासून पुढची इंजिने माटिगहोफेनकडे राहू द्या, पण त्यांचे अंदाजपत्रक दरवर्षी आकुर्डीत मंजूर व्हावे; आणि ३९० च्या पुढच्या पिढीचा मुख्य अभियंता चाकणमध्ये बसावा, पहिल्या रेषेपासून.

भामाकाठ

अंदाजपत्रकाची अट मान्य. ३९० च्या बाबतीत माझी हरकत कायम आहे, कारण युरोपात नवा चालक या ब्रँडशी जोडला जातो तो याच गाडीमुळे. तिचा मुख्य अभियंता चाकणमध्ये बसणार असेल, तर त्याने आधी दोन हंगाम शर्यत विभागात काढलेले असावेत.