मदत हवी आहे: ब्रेक ऑइल बदललं, आता पेडल थेट तळाला जातंय

गोदाकाठ_२५
कोणीतरी लवकर सांगा प्लीज. काल दुपारपासून घरीच ब्रेक ऑइल बदलतोय, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली एअर तीनदा काढून झाली, बायको पेडल मारून मारून वैतागली आणि वर निघून गेली, तरी पेडल आपलं स्पंज, दाबलं की तळाला. लीक कुठेच नाही. व्हिडिओत दाखवलं तसंच केलंय. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोड्यांवर (स्टँडवर) आहे, चाकं काढलेली, मागे शेजारच्या काकांची वॅगनआर अडकलीय आणि त्यांना सकाळी सहाला निघायचंय. काय राहिलं असेल?

पाना_दहाचा
गाडी कोणती, ऑइल कोणतं, आणि मुळात बदललं कशाला?

गोदाकाठ_२५
स्पोर्ट्स कार आहे, दोन सीटर. ऑइल नवीन सीलबंद आणलंय. गेल्या आठवड्यात सप्तशृंगी गडावरून उतरताना नांदुरी येईपर्यंत पेडल मऊ पडलं, जळका वास पण आला, खाली टपरीवर अर्धा तास थांबलो तर परत नॉर्मल. म्हणून बदललं. आता उपाय सांगा ना.

सातपूरकर
नाव सांगायला लाजतोस का? हल्ली लाल पट्टा मारलेल्या स्विफ्टला पण लोक स्पोर्ट्स कार म्हणतात.

पाना_दहाचा
बदललंस ते बरोबरच केलंस. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४, म्हणजे नेहमीच्या ग्रेडचं ऑइल, नवीन असताना कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की हीच हद्द १५५ वर येते. घाटात सतत ब्रेक धरला की आत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. गाडी गार झाली की वाफेचं परत पाणी, म्हणून अर्ध्या तासाने ठीक वाटलं. आणि भाऊ, घाट गिअरवर उतरायचा असतो.

निवृत्त_काका_इंदिरानगर
पेडल तळाला जात असेल तर क्लच प्लेट गेली. माझ्या फियाटला १९८९ साली असंच झालं होतं, द्वारकेवर बंद पडली होती.

गोदाकाठ_२५
काका ब्रेकचं पेडल. आणि ऑटोमॅटिक आहे, क्लच पेडलच नाही. गाडी बीएमडब्ल्यू झेड४, २०१०, सेकंड हँड घेतलीय. ऑइल डॉट पाच टाकलंय, चारपेक्षा भारी असतं ना.

पाना_दहाचा
थांब!! पाच की पाच पॉइंट एक? बाटली बघ आत्ता. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ग्लायकॉलवाल्या, म्हणजे डॉट ४ सारख्या ऑइलमध्ये मिसळत नाही, एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टिमच्या) गाडीत तर टाकूच नये. ५.१ नावाने भाऊ वाटतो पण तो डॉट ४ च्या घरातला आहे.

गोदाकाठ_२५
५.१ लिहिलंय. रंग पिवळसर.

पाना_दहाचा
वाचलास. सिलिकॉनवालं जांभळं असतं.

सातपूरकर
झेड४ घेता येते आणि मेकॅनिकला चार पैसे देता येत नाहीत, कमाल आहे. अंबडला कोणत्याही चांगल्या गॅरेजवाल्याकडे टाक, व्हॅक्यूम पंप लावला की वीस मिनिटांचं काम.

घाटवळण
व्हॅक्यूम पंपवाल्यांचं काही सांगू नका, निपलच्या (चाकाजवळच्या एअर काढायच्या स्क्रूच्या) आट्यांतून हवा खेचतो आणि बुडबुडे बघत बसायचं. मी वीस वर्षं सलाईनची नळी आणि बिसलेरीच्या बाटलीवर काम करतोय. नळीचं टोक ऑइलमध्ये बुडवायचं, बास. फक्त पेडल पूर्ण तळापर्यंत मारू नका, जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरमध्ये) पुढचा भाग कधी वापरलेला नसतो, तिथल्या गंजाने सील फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

सातपूरकर
सलाईन लावून गाडी बरी होत असती तर सिव्हिललाच नेली असती.

पाना_दहाचा
भांडण नंतर. वरची टाकी मध्ये कधी रिकामी झाली होती का? झाली असेल तर एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा गेली, मग स्कॅनर लावून पंप चालवावा लागेल.

गोदाकाठ_२५
नाही, टाकी भरत होतो. पुढच्या डाव्या चाकाचा फोटो टाकलाय, बघा काही दिसतंय का.

घाटवळण
कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे जबडे, लालभडक कसे? कंपनीचे नाहीत हे.

गोदाकाठ_२५
शनिवारी रंगवले, त्यासाठी पुढचे दोन्ही पूर्ण काढले होते. म्हटलं होज (ऑइलचे रबरी पाइप) सुटलेच आहेत तर ऑइलपण बदलून टाकू. त्याचा काय संबंध?

घाटवळण
हे आधी सांगायचं असतं रे बाबा! फोटोत निपल खाली दिसतोय. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलायस. हवा वर राहते, निपल खाली, शंभर वेळा पेडल मारलं तरी ती तिथेच.

गोदाकाठ_२५
आई शप्पथ. दोन्हीकडे खालीच आहे.

सातपूरकर
अदलाबदल कशाला, कॅलिपर सोडून उलटा धर, पॅडमध्ये लाकूड घाल, एअर काढ आणि परत बसव.

पाना_दहाचा
अजिबात नको, पुढच्या वेळी परत हाच तमाशा. होज सोड, बाजू बदल, परत एअर काढ. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धू.

गोदाकाठ_२५
रात्रीचे पावणेबारा. झालं. पेडल दगडासारखं, पार्किंगमध्ये पुढेमागे करून चार वेळा ब्रेक मारून बघितला. काकांची वॅगनआर मोकळी. धुवायला मात्र उशीर झाला, डाव्या कॅलिपरचा लाल रंग कातडीसारखा सोलून हातात आला.

सिडको_रायडर
उरलेलं ऑइल माझ्या बाइकला चालेल का? डिस्क ब्रेक आहे.

पाना_दहाचा
झाकणावर काय लिहिलंय ते बघ आधी. आणि बाटलीचं सील तुटलंय, महिनाभर ठेवून मग टाकणार असशील तर नको.

निवृत्त_काका_इंदिरानगर
ऑटोमॅटिकमध्ये क्लच नसतोच का?