आर्ट थेरपीत करिअर : नागपुरात राहून जमेल का? सल्ला हवा

चित्रकलावाली_मानेवाडा :
नमस्कार मंडळी. वय ३४, एटीडी (कलाशिक्षक पदविका) आणि बीएफए (चित्रकलेतली पदवी) झालंय, खासगी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीतच वर्ष सरतं. पण माझा जीव रमतो तो न बोलणाऱ्या पोरांत. वर्गात एक मुलगा आहे. कागद दिला की आधी चारी बाजूंनी जाड काळी चौकट आखतो आणि सगळं चित्र तिच्या आत, एका कोपऱ्यात, नखाएवढं काढतो. त्याला ‘मोठं काढ’ म्हणावं की गप्प बसावं, मला ठरवता येत नाही. त्यातून आर्ट थेरपीबद्दल, म्हणजे चित्रं-रंग-मातीतून मनावर उपचार करण्याबद्दल, वाचायला लागले, तर आता मोबाईलवर ‘दोन दिवसांत सर्टिफाइड आर्ट थेरपिस्ट व्हा’च्या जाहिरातींचा पाऊस. सासूबाई आणि लेक दोघींचं माझ्याकडे असतं, त्यामुळे पुणे-मुंबई शक्य नाही. कोणता कोर्स करावा? यावर घर चालतं का?

संत्रानगरी_भाऊ :
दोन दिवसांत तर लोणचंबी मुरत नाही ताई. पैसे काहून घालवता?

समुपदेशक_धरमपेठ :
भाऊंशी सहमत. मी मानसशास्त्रात एमए करून शाळांमध्ये समुपदेशन करते. मुलांसोबत रंग, माती वापरते, तरी स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवत नाही. ब्रिटनमध्ये नोंदणी नसेल तर हे पद नावापुढे लावताच येत नाही, अमेरिकेत त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागतं. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषद क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षकांची नोंदणी करते, आर्ट थेरपिस्टची नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्यात कला आणि नृत्य थेरपिस्टचा उल्लेख आहे, पण कायद्यात नाव आलं म्हणून जाहिरातवाल्याचं प्रमाणपत्र सरकारमान्य होत नाही. कोर्सवाल्यांना एकच विचारा : प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास काम, आणि त्यावर देखरेख कोणाची? उत्तर गोलमोल आलं की फोन ठेवा.

म्हणून आधी मानसशास्त्राचा पाया, थेरपी त्यावर. घरबसल्या एमए करू असं मनात असेल तर तो रस्ता बंद झालाय. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवलेत. तेव्हा नियमित एमए. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात जाऊन बीएफएवर प्रवेशाची अट विचारा.

आता तुमचा तो मुलगा. ‘मोठं काढ’ अजिबात म्हणू नका. ते चित्रकलेच्या बाईंचं वाक्य झालं. कदाचित त्या चौकटीमुळेच त्याला आत काही काढायचा धीर येत असेल. काळा रंग म्हणजे दुःख, असले व्हॉट्सअॅपी अर्थ तर लावूच नका. शेजारी बसून ‘यात काय काय आहे, सांगशील?’ एवढंच विचारा, नाही बोलला तरी चालेल. साधनांचाही विचार असतो. पेन्सिल, स्केचपेन हाताच्या ताब्यात राहतात. जलरंग पसरतात, हाताबाहेर जातात. बिथरलेल्या मुलापुढे पहिल्याच दिवशी ओला ब्रश ठेवला तर तो आणखी बिथरू शकतो. माती मळायला, आपटायला दिली की काहींचं आखडलेलं अंग सैल होतं. साधनं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतात, ही तुमची जमेची बाजू. पालकांशी आणि शाळेच्या समुपदेशकाशी मात्र बोला, एकटीनं ओढू नका.

विशेषशिक्षक_हिंगणा :
माझं मत वेगळं. चौतिशीत एमए, मग आणखी कोर्स, एवढं थांबायचं का? विशेष शिक्षणातलं बीएड करा, पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळते, म्हणजे हातात काहीतरी पक्कं. गतिमंद, स्वमग्न पोट्ट्यांसोबत चित्रकलेचा रोज उपयोग होतो. नावात थेरपी नसेल, काम तेच.

समुपदेशक_धरमपेठ :
काम तेच नाही हो, पण नोकरीच्या दृष्टीनं तुमचा मुद्दा रास्त आहे.

मानकापूरकर :
आधी एकदा काम बघून घ्या. प्रादेशिक मनोरुग्णालय (ज्याच्यामुळे आपण अजूनही ‘पागलखाना चौक’ म्हणतो) इथं व्यवसायोपचार (रुग्णांना रोजची कामं, हस्तकला करायला देऊन उपचार) चालतो. अधीक्षकांच्या नावे अर्ज देऊन मदतनीस म्हणून जाता येतं का, विचारा. आठवड्यातून एक दुपार दिलीत तरी कळेल, हे आपल्याला झेपतं की नाही. आणि चित्रकारांनी बिचकायचं कारण नाही. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ मध्ये रूढ करणारा एड्रियन हिल स्वतः चित्रकारच होता. क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये पडल्या पडल्या चित्रं काढता काढता त्याला हे सुचलं.

चित्रकलावाली_मानेवाडा :
सगळ्यांचे आभार. पैशांबद्दल मात्र कोणीच बोललं नाही!

समुपदेशक_धरमपेठ :
बोलते. नुसत्या आर्ट थेरपीवर नागपुरात घर चालवणं आज कठीण. ‘चित्रं काढायचे एवढे पैसे?’ हे तोंडावर ऐकावं लागतं. सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवावा लागतो, तिथं एमए आणि समुपदेशनाची पदविका असली की अर्ज करता येतो. पगार तिथला, कलेचं काम त्याच नोकरीत बसवायचं. एमएला प्रवेश पक्का होईस्तोवर आत्ताची नोकरी सोडू नका. मुलांची चित्रं मोबाईलच्या स्टेटसला टाकायची सवय असेल तर ती आजपासून बंद, पालकांनी हो म्हटलं तरी.

संत्रानगरी_भाऊ :
माझी भाची बारावीत आहे, चित्रं भन्नाट काढते. तिला सरळ बीएला मानसशास्त्र घ्यायला सांगू का?

समुपदेशक_धरमपेठ :
हो, पण आधी तिला काय पाहिजे ते विचारा भाऊ!